पोच आणि ताळा

संगणकाच्या व्यवहारात ‘क्लाउड’ हा शब्द आता इतका रूढ झाला आहे की, तो उच्चारताना त्याचा मूळ अर्थ ढग असा आहे याची आठवणही कोणास होत नाही. दूरसंचाराचे आराखडे काढणारे अभियंते दोन टोकांची यंत्रे कागदावर रेखीवपणे काढीत आणि मधल्या जाळ्याचा तपशील दाखवावयाचा नसला म्हणजे तेथे ढगाची एक आकृती काढून मोकळे होत. त्या आकृतीवरून हे नाव पडले. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवरच असतो. पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे मायक्रोसॉफ्टने २०१५ साली, मुंबईत अ‍ॅमेझॉनने २०१६ साली आणि हैदराबादेत त्याच कंपनीने २०२२ साली अशी केंद्रे उघडली. ओळीने रचलेली यंत्रे, ती तापू नयेत म्हणून अहोरात्र चालणारी शीतनाची व्यवस्था, आणि अखंड वीज, असे या केंद्रांचे स्वरूप असते. घरातील, कचेरीतील किंवा इस्पितळातील एखादी फाइल ‘क्लाउडवर ठेवली’ याचा अर्थ ती अशा एखाद्या इमारतीतील यंत्राच्या स्वाधीन केली, इतकाच.

ठेवण्याचा विचार पुष्कळ होतो; नेण्याचा फारसा होत नाही. वस्तुतः सारे काही त्या नेण्यावर अवलंबून असते. फाइल लवकर पोचली पाहिजे, आणि जशी निघाली तशीच पोचली पाहिजे. या दोन अपेक्षा दिसावयास साध्या आहेत. तथापि त्या एकमेकींच्या आड येतात, आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतील या शास्त्राची बरीचशी धडपड या दोघींचा समेट घडवून आणण्यात खर्ची पडली आहे.

फाइल म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फितीने बांधलेला कागदांचा गठ्ठा उभा राहतो. संगणकातील फाइल ही अंकांची एक लांबलचक माळ होय. छायाचित्र असो, गाणे असो, की नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा असो, यंत्राच्या लेखी तो शून्य आणि एक या दोनच अंकांचा क्रम असतो. त्यातील एक अंक म्हणजे एक बिट, आणि आठ बिटांचा मिळून एक बाइट. या माळेतील एखादा मणी बदलला तर छायाचित्रातील एक ठिपका बदलेल आणि ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु तोच मणी एखाद्या रोग्याच्या रक्तगटाच्या नोंदीतील किंवा पेढीच्या खातेवहीतील असला, तर त्याचे मोल अगदी निराळे ठरते. वाहून नेणाऱ्या यंत्राला मात्र कोणता मणी कशाचा आहे हे कळत नाही. त्याला सर्व मणी सारख्याच काळजीने न्यावे लागतात.

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर कशी न्यावी, याचे नियम १९७१ सालच्या एप्रिल महिन्यात एका तरुण भारतीयाने लिहून काढले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६५ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण हे त्या वेळी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत शिकत होते. त्यांनी तयार केलेला नियमसंच ‘एफटीपी’ या नावाने पुढे जगभर पसरला. त्या काळी जाळ्यावर मोजकीच यंत्रे होती आणि ती चालविणारी माणसे बहुधा एकमेकांस ओळखीत होती. त्यामुळे नियमांचा भर ‘मागावे कसे आणि द्यावे कसे’ यावर होता. गर्दी, लबाडी आणि प्रचंड अंतरे हे प्रश्न नंतर आले.

फाइल जाळ्यातून अखंड जात नाही; तिचे लहान लहान तुकडे होतात. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपल्याकडील पाकीट हा शब्द त्याच कुळातला आहे आणि येथे तो चपखल बसतो, कारण प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आतल्या मजकुराचा क्रमांक असे सारे लिहिलेले असते. सर्वसाधारण पाकीट सुमारे दीड हजार बाइटांचे असते व त्यात मजकूर १,४६० बाइटांच्या आसपास मावतो. एक गिगाबाइटची फाइल, म्हणजे एखाद्या लग्नसमारंभातील दोन-तीनशे चांगली छायाचित्रे, पाठवावयाची झाली तर तिची जवळजवळ ६ लाख ८५ हजार पाकिटे होतात. एखादी पोथी पानापानाने वेगळ्या पाकिटांत घालून टपालात टाकावी, काही पाने एका वाटेने जावीत, काही दुसऱ्या वाटेने, मागचे पान पुढे पोचावे आणि मधले एखादे हरवावे, तसाच हा प्रकार आहे.

आणि इंटरनेटचे जाळे मुळात कसलीही हमी देत नाही, ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. हाती आलेले पाकीट पुढच्या टप्प्यावर ढकलावयाचे, जागा नसली तर टाकून द्यावयाचे आणि त्याबद्दल कोणास काही कळवावयाचे नाही, एवढेच त्याचे काम. हा निष्काळजीपणा जाणूनबुजून पत्करलेला आहे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पाकिटे क्रमाने लावण्याची आणि हरवलेली पुन्हा मागविण्याची जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांवर टाकली, आणि मधले जाळे होईल तितके साधे ठेवले. त्यातूनच ‘टीसीपी’ हा नियमसंच जन्मास आला. त्याचा आत्मा म्हणजे पोच. नोंदणी टपालाबरोबर जोडलेली पोचपावती जशी सहीनिशी परत येई, तशी येथे घेणारे यंत्र मिळालेल्या मजकुराची पोच परत पाठविते. ठराविक वेळात पोच आली नाही तर पाठविणारे यंत्र ते पाकीट हरवले असे समजून पुन्हा पाठविते.

आता वेगाचा प्रश्न उभा राहतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्य, जेथे क्लाउड-केंद्रांची मोठी वसाहत आहे, सरळ अंतराने सुमारे १३,००० किलोमीटर आहे. समुद्रतळावरील तारा सरळ जात नाहीत, त्यांना वळसे असतात. म्हणून जाऊन परत यावयास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो असे धरून चालू. एक पाकीट पाठवावे, त्याची पोच येईपर्यंत हात बांधून बसावे आणि मगच दुसरे पाठवावे, असे केल्यास वर सांगितलेल्या ६ लाख ८५ हजार पाकिटांना ३८ तास लागतील. तार कितीही उत्तम असली तरी यात फरक पडत नाही, कारण सारा वेळ वाट पाहण्यात जातो.

यावर तोड निघाली ती अशी की, पोचेची वाट न पाहता काही पाकिटे एकामागून एक पाठवीत राहावे. किती पाठवावीत याला मर्यादा असते आणि तिला ‘खिडकी’ असे नाव आहे. टीसीपीच्या मूळ नियमांत या खिडकीचा आकार लिहावयास सोळा बिटांचीच जागा ठेवली होती, म्हणून ती ६५,५३५ बाइटांहून मोठी होऊ शकत नव्हती. एवढ्या खिडकीने मुंबई ते व्हर्जिनिया सेकंदाला फार तर सव्वातीन लाख बाइट जातात आणि एक गिगाबाइटला ५१ मिनिटे लागतात. ३८ तासांच्या मानाने हे पुष्कळच बरे. परंतु समजा वाटेतील तार सेकंदाला एक अब्ज बिट वाहून नेणारी आहे. अशा तारेत पाचव्या हिश्श्याच्या सेकंदात अडीच कोटी बाइट मावतात. त्या वेळी वाटेत असतात ते मात्र जेमतेम पासष्ट हजार. शंभर डब्यांची आगगाडी एका डब्याचाही चौथा हिस्सा भरून हाकण्यासारखे हे झाले. १९९२ सालच्या सुधारित नियमांनी ही खिडकी सुमारे एक अब्ज बाइटांपर्यंत मोठी करण्याची सोय केली, आणि मग तीच फाइल त्याच तारेतून आठ-दहा सेकंदांत जाणे निदान तत्त्वतः शक्य झाले. ३८ तास, ५१ मिनिटे, दहा सेकंद. तार बदललेली नाही, अंतर बदललेले नाही. बदलली ती केवळ वाट पाहण्याची रीत.

मग प्रत्येकाने मोठी खिडकी उघडून जितके ओतता येईल तितके का ओतू नये? याचे उत्तर १९८६ सालच्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मिळाले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्डांचे. त्या दोहोंमधील वहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरे! एवढ्या वेळात एखादा विद्यार्थी फाइल हातात घेऊन चालत जाऊन परत आला असता. तारा धडधाकट होत्या. झाले होते ते असे: गर्दीमुळे पाकिटे वाटेत रखडत, पोच उशिरा येई, म्हणून यंत्रे ती हरवली असे समजून पुन्हा पाठवीत, त्यामुळे गर्दी अधिक वाढे आणि आणखी पाकिटे टाकली जात. जाळे पूर्ण वेगाने काम करीत होते, पण बहुतेक काम तेच ते पुन्हा वाहून नेण्याचे होते.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांनी या घटनेचा छडा लावला आणि १९८८ साली त्यावरील उपाय जेकबसन यांच्या निबंधातून प्रसिद्ध झाला. उपाय असा: आरंभी थोडीच पाकिटे पाठवावीत, पोच येत गेली तर संख्या भराभर वाढवावी, एखादे पाकीट हरवले तर पुढे गर्दी आहे असे समजून खिडकी निम्मी करावी, आणि मग पुन्हा हळूहळू, एका फेरीला एक पाकीट अशा बेताने, वाढवीत न्यावी. अरुंद घाटात समोरासमोर आलेल्या गाड्या जशा आपसात समजून घेऊन मागे-पुढे होतात तसा हा प्रकार आहे. कोठेही शिपाई उभा नाही, कोणाची परवानगी मागावयाची नाही. प्रत्येक यंत्र आपण होऊन आवरते. जगातील कोट्यवधी यंत्रे ही शिस्त पाळतात म्हणूनच इंटरनेट चालते, असे म्हणण्यास हरकत नाही. या शोधाचे महत्त्व अद्याप सामान्य वाचकापर्यंत पोचलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु या सौजन्याची किंमत लांबच्या प्रवासात फार पडते. मघाच्याच मुंबई-व्हर्जिनिया तारेवर वाटेत सतरा हजार पाकिटे असताना एक हरवले तर खिडकी साडेआठ हजारांवर येते. तेथून एका फेरीला एक या गतीने मूळ पदावर यावयास साडेआठ हजार फेऱ्या, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस मिनिटे लागतील. एका पाकिटाच्या अपघाताची ही शिक्षा! म्हणून पुढे नवनव्या रीती आल्या. २००६ सालापासून लिनक्स या प्रणालीत रूढ झालेली ‘क्युबिक’ ही रीत खिडकी अधिक धिटाईने परत वाढविते. गूगलने २०१६ साली पुढे आणलेली ‘बीबीआर’ ही रीत तर पाकीट हरवण्यालाच गर्दीची खूण मानीत नाही. पोच किती वेळाने आणि किती दराने येत आहे हे सतत मोजून ती वाटेच्या रुंदीचा अंदाज बांधते.

क्लाउडवाल्यांनी याहून एक सोपी युक्ती योजिली. अ‍ॅमेझॉनची ‘एस-थ्री’ नावाची कोठारसेवा २००६ साली सुरू झाली. २०१० च्या नोव्हेंबरात तिने मोठी फाइल खंड पाडून पाठविण्याची सोय केली. शेवटचा सोडून प्रत्येक खंड निदान पाच मेगाबाइटांचा, आणि खंडांची संख्या दहा हजारांपर्यंत. हे खंड निरनिराळ्या जोडण्यांवरून एकाच वेळी जातात, कोणत्याही क्रमाने पोचतात, आणि सर्व पोचले म्हणजे पाठविणारा ‘आता सांधा’ अशी आज्ञा देतो. एका जोडणीवर पाकीट हरवले तर तेवढ्या जोडणीची खिडकी निम्मी होते. बाकीच्यांना त्याची झळ लागत नाही. याहून मोठा लाभ असा की, वीज गेली किंवा जोडणी तुटली तर तेवढाच खंड पुन्हा पाठवावा लागतो. शंभर मेगाबाइटांच्या तीनशे खंडांपैकी दोनशे नव्वदावा जाताना दिवे गेले, तर पूर्वी सारे पहिल्यापासून करावे लागे. आता पोचलेले दोनशे एकोणनव्वद तसेच राहतात.

या युक्तीला दोन गालबोटे आहेत. ज्याने दहा जोडण्या उघडल्या त्याला गर्दीच्या वाटेवर एक जोडणी उघडणाऱ्याच्या जवळजवळ दसपट वाटा मिळतो. जेकबसन यांच्या घाटातील शिष्टाचाराला ही पळवाटच म्हणावी लागेल. दुसरे असे की, ‘सांधा’ ही आज्ञा दिलीच नाही तर अर्धवट खंड कोठारात तसेच पडून राहतात. यादीत फाइल दिसत नाही, पण पडलेल्या खंडांचे भाडे मात्र चढत जाते.

वेगाचा विचार करताना न पाठविण्याचा विचारही करावा लागतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ नावाची एक रीत शोधून काढली. पलीकडे फाइलची जुनी प्रत आहे आणि अलीकडे तिच्यात दोन-चार बदल झाले आहेत. अशा वेळी पलीकडचे यंत्र आपल्या प्रतीचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागाची लहानशी खूण काढते आणि फक्त खुणांची यादी अलीकडे पाठविते. अलीकडचे यंत्र आपल्या फाइलवरून ती यादी सरकवीत नेते, जे भाग जुळतात ते सोडून देते आणि जेवढे नवे असेल तेवढेच पाठविते. पाचशे पानांच्या ग्रंथात एक परिच्छेद घातला म्हणून सारा ग्रंथ पुन्हा छापून पाठवू नये, हे शहाणपण छापखान्यात शुद्धिपत्राच्या रूपाने फार पूर्वीपासून होते. यंत्रांस ते शिकविण्यास मात्र चांगलीच बुद्धी लागली.

उलटपक्षी, काही वेळा फाइली इतक्या प्रचंड असतात की तारेचा नाद सोडून गाडी जोडणेच शहाणपणाचे ठरते. १०० पेटाबाइट, म्हणजे दहा कोटी गिगाबाइट, सेकंदाला एक अब्ज बिटांच्या तारेतून न्यावयास पंचवीस वर्षे लागतील. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली एवढा साठा मावणारी पंचेचाळीस फूट लांबीची एक लोखंडी पेटी मालमोटारीवर चढवून ग्राहकाच्या दारी नेण्याची सेवा काढली. २०२४ साली ती बंद झाली.

येथवर वेगाची गोष्ट झाली. पोच आली म्हणजे माल सुखरूप पोचला, असे येथपर्यंत गृहीत धरले आहे. ते गृहीत चुकीचे आहे.

पाकिटातील मजकूर वाटेत बिघडला का हे पाहण्यासाठी टीसीपी एक ताळा करते. जुन्या शाळांत गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी अंकांची बेरीज करून ताळा पाहण्याची रीत होती. ती सोपी आणि उपयुक्त खरी. पण ४७ च्या जागी ७४ लिहिले गेले तर दोहोंची अंकबेरीज ११ च येते आणि ताळा खुशाल जुळतो. कारकुनाच्या हातून आकडे उलटेपालटे होणे ही नित्याची चूक, आणि नेमकी तीच या ताळ्यातून निसटते. टीसीपीचा ताळा थोड्याफार फरकाने याच जातीचा आहे. पाकिटातील मजकूर दोन-दोन बाइटांच्या जोड्यांत वाचून त्यांची एक विशिष्ट प्रकारची बेरीज घेतली जाते. दोन जोड्यांनी जागा बदलल्या तर बेरीज तीच राहते. १९७० च्या दशकातील मंद यंत्रांना झटपट करता यावा म्हणून इतका साधा ताळा निवडणे रास्तच होते. तो आजही तसाच चालू आहे.

जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष जाळ्यावरील पाकिटे तपासली, तेव्हा ठिकाणपरत्वे १,१०० पाकिटांमागे एक ते ३२,००० पाकिटांमागे एक अशा प्रमाणात टीसीपीचा ताळा चुकलेला आढळला. नवलाची गोष्ट अशी की, तारेवरच्या प्रत्येक टप्प्याला याहून पुष्कळ कडक तपासणी असते आणि तिने यातले जवळजवळ सारे आधीच पकडावयास हवे होते. याचा उलगडा त्यांनी केला तो असा की, बिघाड बहुतांशी तारांत होत नसून यंत्रांच्या पोटात होतो: सदोष स्मृतिपटलात, आज्ञावलीतील चुकीत, एका जागेहून दुसऱ्या जागी प्रत उतरविताना. त्यांच्या अंदाजाप्रमाणे १ कोटी ६० लाख ते १,००० कोटी पाकिटांमागे एक पाकीट चुकीचे असूनही ताळा जुळल्यामुळे बिनबोभाट आत जाते.

असे एक प्रकरण एमआयटीमध्ये पूर्वीच घडून गेले होते. तेथे अनेक जाळी एकमेकांस जोडणारी यंत्रे होती आणि प्रत्येक टप्प्यावर पाकिटाचा ताळा पाहिला जाई. म्हणून आज्ञावली लिहिणारे निश्चिंत होते. त्यांपैकी एका जोडयंत्रात दोष उत्पन्न झाला: आलेले पाकीट पुढे पाठविण्यासाठी त्याची आतल्या आत प्रत होताना सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा बाइटांच्या एका जोडीची अदलाबदल होई. हा दोष दोन तपासण्यांच्या मधोमध पडला होता. अलीकडच्या टप्प्याची तपासणी झालेली, पलीकडच्या टप्प्याची अजून सुरू व्हावयाची. एका संगणक-प्रणालीच्या मूळ लेखनाच्या फाइली या यंत्रातून वारंवार ये-जा करीत होत्या. त्यांतील काही हळूहळू किडत गेल्या. लक्षात आले तेव्हा मालकांना जुने छापील कागद बाहेर काढून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली.

जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांनी आपल्या निबंधात हे प्रकरण नोंदविले आहे. निबंध प्रथम १९८१ साली व सुधारून १९८४ साली प्रसिद्ध झाला, आणि फाइल काळजीपूर्वक कशी न्यावी हेच त्यातील मुख्य उदाहरण आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वाटेतील प्रत्येक टप्पा कितीही विश्वासू केला तरी शेवटचा ताळा पाहावाच लागतो. फाइल मूळ तबकडीवरून वाचतानाच चुकली असेल, पलीकडच्या तबकडीवर लिहिताना चुकली असेल. या गोष्टी मधल्या कोणत्याही टप्प्याला कळणे शक्य नाही. तेव्हा पलीकडे लिहून झालेली फाइल तबकडीवरून पुन्हा वाचावी, तिचा ताळा काढावा आणि मूळ फाइलच्या ताळ्याशी ताडून पाहावा. तो शेवटी पाहावयाचाच आहे, मग टप्प्याटप्प्यावरच्या तपासण्यांचे प्रयोजन उरते ते वेगापुरते. चूक लवकर सापडली तर सारी फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही, एवढाच त्यांचा उपयोग. वेग आणि विश्वास यांची कामे अशी वेगळी करून दाखविणे हे या निबंधाचे खरे यश होय.

शेवटच्या ताळ्यासाठी साधी बेरीज पुरत नाही. त्यासाठी संपूर्ण फाइलचा एक लहानसा ठसा काढतात. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीने कोणत्याही फाइलचा, मग ती एका ओळीची असो की हजार गिगाबाइटांची असो, चौसष्ट चिन्हांचा ठसा निघतो. आणि फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. याहून जुनी ‘एमडी-५’ ही पद्धत अपघाती बिघाड ओळखण्यास अजूनही चालते. पण २००४ साली चिनी संशोधकांनी एकच ठसा असलेले दोन निरनिराळे मजकूर तयार करून दाखविले. तेव्हापासून लबाडी ओळखण्याच्या कामी तिच्यावर विसंबता येत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या कोठारात ग्राहकांच्या फाइलींवर असे ताळे आरंभापासून होते. तरीही २० जुलै २००८ रोजी ते कोठार कित्येक तास बंद पडले. कोठारातील यंत्रे आपापली खुशाली एकमेकांस सतत कळवीत असतात. त्यांतील मोजक्या संदेशांत एकेक बिट बदलला. संदेश वाचता येत होते, पण त्यांतील माहिती खोटी होती. ती खोटी माहिती यंत्रायंत्रांतून अफवेसारखी पसरली आणि शेवटी यंत्रांना ग्राहकांच्या विनंत्या सोडून एकमेकांशी बोलण्यातच सारा वेळ घालवावा लागला. फाइलींना ताळा होता. या आपसातील निरोपांना तो नव्हता. कंपनीने सर्व निरोप थांबविले, साठलेली माहिती पुसून टाकली आणि कोठार पुन्हा सुरू केले. झाला प्रकार तिने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केला, हे तिच्या बाजूने नोंदविले पाहिजे. २०२४ च्या डिसेंबरपासून तर ग्राहकाच्या यंत्रावरच ताळा काढून तो फाइलीबरोबर धाडण्याची व्यवस्था या सेवेच्या नव्या साधनांत आपोआप होते.

हे सर्व असूनही एक भोक उरते, आणि ते यंत्रांत नाही. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या आज्ञावली-लेखकांचे काम आपल्याकडे सांभाळून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरील माहिती पुसण्याच्या हेतूने दिलेली आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच शिल्लक राहिले. काळजी करण्याचे कारण नव्हते, कारण माहितीची रोज एक प्रत अ‍ॅमेझॉनच्या कोठारात धाडण्याची व्यवस्था होती. कोठार उघडून पाहिले, तो ते रिकामे. प्रत काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे आणि माहितीचा साठा नव्या आवृत्तीचा असल्यामुळे प्रत निघतच नव्हती. ती निघत नसल्याची सूचना देणारी पत्रे रोज सुटत होती. पण त्यांवर आवश्यक ती स्वाक्षरी नसल्यामुळे पलीकडची पत्रव्यवस्था ती दारातूनच परतवीत होती. कोणाच्याही हाती एकही पत्र पडले नाही, आणि पत्र येत नाही त्याअर्थी सर्व ठीक आहे असे सर्वांनी धरले.

सुदैवाने एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. ती संथ तबकड्यांच्या यंत्रावर होती. तेथून माहिती परत आणावयास सुमारे अठरा तास लागले आणि तोवर सेवा बंद राहिली. लेखकांच्या मूळ आज्ञावली वेगळ्या जागी असल्याने वाचल्या. पण त्या सहा तासांतल्या सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती कायमची गेली. येथे एकही पाकीट हरवले नव्हते आणि एकही बिट उलटला नव्हता. पाठविलेच गेले नाही ते पोचले असे मानले गेले, आणि कोठारातून काही परत आणून पाहण्याचा प्रसंग त्या रात्रीपर्यंत आला नव्हता.

घरगुती व्यवहारात ताळा काढण्याचे काम सेवेची साधने बहुधा पडद्याआड करतात. तरी दोन-तीन गोष्टी ज्याच्या त्याने पाहावयाच्या राहतात. चढविण्यापूर्वी फाइलींची संख्या आणि एकूण आकार टिपून ठेवावा आणि चढविल्यानंतर पलीकडचा आकडा त्याच्याशी ताडावा. पुष्कळ सेवा छायाचित्रे जागा वाचविण्यासाठी लहान करून ठेवतात. आकार कमी दिसला तर हे कारण असू शकते, आणि मग मूळ प्रत हाताशी असणे अगत्याचे ठरते. ‘सिंक’ म्हणजे दोन्हीकडे सारखे ठेवणे. त्यात प्रत सुरक्षित राहतेच असे नाही: अशा व्यवस्थेत टेलिफोनवरचे चित्र पुसले की क्लाउडवरचेही पुसले जाते, आणि ते परत मिळविण्यास काही दिवसांचीच मुदत असते. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र किंवा घराचे खरेदीखत चढविल्यावर मूळ यंत्रावरील प्रत पुसण्याआधी दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून, शक्य तर दुसऱ्या जागेवरून, ते खाली उतरवून घ्यावे आणि उघडून पाहावे. पडद्यावर ‘पूर्ण झाले’ ही अक्षरे येतात ती पाठविणाऱ्या यंत्राची पोच असते. खरेदीखताच्या शेवटच्या पानावरील सही नीट वाचता येते की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.